छंदाचं मासिक दुकानात ठेवायचं असेल तर: छपाईच्या आधीपासून हिशेब बंद होईपर्यंत

छंदाचं मासिक काढणारे बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. आधी अंक छापून आणतात, गठ्ठे घरी रचतात आणि मग पिशवीत दहा प्रती टाकून दुकानं पालथी घालतात. दुकानदार अंक चाळतो, "छान काढलाय" म्हणतो आणि तीन प्रश्न विचारतो: बारकोड कुठाय? कमिशन किती? उरलेल्या प्रती कधी उचलणार? इथे गडबड होते, कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं छपाईच्या आधी ठरायला हवी होती.

पुढचे टप्पे खाली दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. दुकानदार तुमचं मासिक विकत घेत नसतो, तो फळीवरची जागा तुम्हाला काही दिवसांसाठी देत असतो. त्या जागेवर दुसरं काहीतरी विकलं गेलं असतं. त्यामुळे अंक किती सुंदर आहे यापेक्षा तो ठेवण्यात, विकण्यात आणि परत देण्यात किती कटकट आहे, यावर त्याचा होकार अवलंबून असतो.

## टप्पा 1: दुकान नेमकं कशासाठी हवं आहे?

दोनच उत्तरं शक्य आहेत. एक, दुकानातल्या विक्रीतूनच पैसे मिळवायचे आहेत. दोन, नवे वाचक गाठून त्यांना वर्गणीदार करायचं आहे. तुमचा विषय अगदी चिंचोळा असेल, म्हणजे जुनी फाउंटन पेनं, रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती, हौशी रेडिओ किंवा कीटकभक्षी वनस्पती, तर पहिलं उत्तर जवळपास कधीच खरं ठरत नाही. असा वाचक विखुरलेला असतो. एका दुकानात महिन्याला त्यातले दोन-चार जण आले तरी पुष्कळ झालं.

दुसरं उत्तर निवडलंत की दुकानांची निवड, प्रतींची संख्या आणि अंकात वर्गणीचं पान कुठे टाकायचं, हे सगळंच बदलतं. म्हणून ते कागदावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी "एवढीच विक्री?" असं वाटायला लागेल तेव्हा हा कागद काढून वाचा.

## टप्पा 2: हिशेब, आणि तो छापखान्यात जाण्याआधी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मासिकं बहुतेक ठिकाणी "विक्री किंवा परत" या तत्त्वावर ठेवली जातात. विकलं तेवढ्याचे पैसे मिळतात, उरलेलं परत येतं, आणि परत आलेल्या प्रतीचा छपाईखर्च तुमचाच. वितरकामार्फत गेलात तर वितरक आणि दुकान दोघांचा वाटा कापून तुमच्या हातात छापील किमतीच्या निम्मे किंवा त्याहून कमी पैसे येतात.

आकड्यांत पाहू. चलन कोणतंही धरा.

- छापील किंमत 100
- वितरकाकडून तुम्हाला मिळणार 45
- एका प्रतीचा छपाईखर्च 30
- 100 प्रती पाठवल्या, वाहतूक 400

एकूण खर्च 3400. त्यातल्या 40 प्रती विकल्या गेल्या तर हातात येतात 1800, म्हणजे 1600 चा तोटा. खर्च भरून निघायला 100 पैकी 76 प्रती विकल्या जायला हव्यात. नव्या, अनोळखी, छोट्या विषयाच्या मासिकाची 76 टक्के विक्री हे गृहीत धरण्यासारखं काम नाही.

आता तेच थेट दुकानदाराला देऊन पाहा. त्याचं कमिशन 35 धरलं तर तुम्हाला 65 मिळतात. वाहतूक मात्र वाढते, कारण पाच-पाच प्रतींची पाकिटं वीस ठिकाणी पोचवायची आहेत. ती 800 धरा. एकूण खर्च 3800, आणि बरोबरी 59 प्रतींवर. आकडा बरा दिसतो, पण यात तुमच्या पायपिटीची किंमत धरलेली नाही.

या हिशेबात बरेच जण एक चूक करतात, तीही स्वतःच्या विरुद्ध. दुकानांसाठीच्या प्रतींवर ते सरासरी छपाईखर्च लावतात. ऑफसेट छपाईत प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च पहिल्या प्रतीपाशीच होऊन जातो. वर्गणीदारांसाठी 500 प्रती छापणारच असाल, तर पुढच्या 100 प्रतींना फक्त कागद, शाई, मशीनचा थोडा वेळ आणि बांधणी लागते. तो वाढीव खर्च प्रतीला 15 निघाला तर वरच्या वितरकाच्या उदाहरणात एकूण खर्च 1900 होतो आणि तोटा 1600 वरून 100 वर येतो. म्हणून छापखान्याकडून दोन दर मागा: 500 प्रतींचा आणि 600 प्रतींचा. दोन्हींतला फरक हा तुमच्या दुकान-मोहिमेचा खरा छपाईखर्च. डिजिटल छपाईत मात्र प्रत्येक प्रतीचा खर्च जवळपास सारखाच पडतो, तिथे हा फायदा शोधू नका.

वर्गणीदाराकडून टपालखर्च 20 आणि छपाई 30 वजा जाता 50 उरतात असं समजा. मग पहिल्या उदाहरणातला दुकानांतला 1600 चा तोटा 32 नव्या वर्गण्यांनी भरून निघतो. तेवढ्या वर्गण्या दुकानातूनच आल्या हे कळण्यासाठी दुकानांच्या प्रतींतल्या वर्गणीच्या पानावर वेगळा संकेत छापा. नाहीतर हा सगळा हिशेब अंदाजपंचे होईल.

तपासणी: दुकानांत पाठवलेली एकही प्रत विकली गेली नाही, तरी पुढचा अंक वेळेवर छापता येईल का? येत नसेल तर प्रतींची संख्या कमी करा. वितरकाचे पैसे उशिरा येतात. अंक फळीवरून उतरल्यावर परतीच्या प्रती मोजल्या जातात, मग हिशेब होतो, मग मुदत सुरू होते. तोवर तुमचे पुढचे एक-दोन अंक छापून झालेले असतात.

## टप्पा 3: आयएसएसएन आणि बारकोड

ज्या दुकानात विक्री यंत्रावर होते, तिथे बारकोड नसलेली वस्तू गल्ल्यावरच अडते. विक्री झाली तरी नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे दुकानाच्या लेखी तुमचं मासिक विकलंच गेलं नाही.

आयएसएसएन हा नियतकालिकांचा आठ अंकी क्रमांक. त्याचं आंतरराष्ट्रीय केंद्र पॅरिसमध्ये आहे, पण क्रमांक सहसा आपापल्या देशातल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, आणि अनेक देशांत मोफत. लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- हा क्रमांक मासिकाच्या नावाला मिळतो, एका अंकाला नाही. सगळ्या अंकांवर तोच राहतो.
- छापील आवृत्ती आणि ऑनलाइन आवृत्ती यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.
- नावात मोठा बदल केला की नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून नाव आधी पक्कं करा.
- या क्रमांकातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो (आधीचे आकडे बरोबर आहेत का ते त्यावरून कळतं) आणि त्या जागी कधी कधी एक्स हे अक्षर असतं. ती छपाईची चूक समजून "दुरुस्त" करू नका.

आयएसएसएनवरून 13 अंकी बारकोड असा तयार होतो: सुरुवातीला नियतकालिकांसाठी राखलेले 977, मग आयएसएसएनचे पहिले सात अंक (तपासणीचा आठवा सोडून), मग दोन अंक, जे सहसा 00 असतात, आणि शेवटी नव्याने काढलेला तपासणी अंक. उदाहरणार्थ 0317-8471 या क्रमांकाचा बारकोड होतो 9770317847001. या बारकोडच्या उजवीकडे दोन किंवा पाच अंकांची एक छोटी पट्टी जोडतात. त्यात अंक क्रमांक असतो. मुख्य बारकोड तोच राहतो आणि ही छोटी पट्टी दर अंकाला बदलते. ती बदलायची राहून गेली तर दुकानाच्या यंत्राला जुना आणि नवा अंक एकच वाटतात आणि परतीचा हिशेब कोलमडतो.

उत्तर अमेरिकेत नियतकालिकांसाठी 12 अंकी यूपीसी पद्धतही चालते. तिकडे अंक पाठवायचा असेल तर मुखपृष्ठ पक्कं होण्याआधी वितरकाला विचारा.

मांडणीकारासाठी सूचना: मूळ आकार 37.29 गुणिले 25.93 मिमी. तो 80 टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, म्हणजे साधारण 30 गुणिले 21 मिमी, त्याखाली नाही. जोडपट्टीची जागा याशिवाय. दोन्ही बाजूंची मोकळी पांढरी जागा हा बारकोडचाच भाग आहे, ती कापू नका. उभ्या रेघा काळ्या, मागचा भाग पांढरा. लाल रेघा कितीही शोभून दिसल्या तरी वाचणाऱ्या यंत्राचा प्रकाश सहसा लाल असतो, त्याला त्या दिसतच नाहीत.

इशारा: मासिकाला आयएसबीएन घेऊन भागत नाही, तो पुस्तकांचा क्रमांक आहे. अपवाद वार्षिक किंवा संग्राह्य विशेषांकाचा. त्याला आयएसएसएनसोबत आयएसबीएनही घेता येतो आणि पुस्तकांचं दुकान तो पुस्तकासारखा वर्षभर ठेवू शकतं. वर्षातून एकदाच निघणाऱ्या छंदाच्या अंकासाठी हा मार्ग विचारात घ्याच.

## टप्पा 4: फळीवर टिकेल असा अंक

संपादक मुखपृष्ठ पडद्यावर पाहतो. गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या मासिकाच्या मागून डोकावताना दिसतं. बहुतेक रॅकवर अंक एकमेकांवर चढवून ठेवलेले असतात. कुठे फक्त वरची पट्टी दिसते, कुठे फक्त डावी. म्हणून मासिकाचं नाव सगळ्यात वर, आणि नाव काव्यात्म असेल तर त्याला लागूनच छंदाचं साधं नाव. "निळाई" वाचून कोणाला शाई आणि पेनं आठवणार नाहीत. "फाउंटन पेन" हे शब्द वरच्या चार बोटांत यायला हवेत. अंकातल्या सगळ्यात उपयोगी लेखाचं नाव मुखपृष्ठावर डाव्या बाजूला वरच्या भागात लिहा.

आकाराच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: चौरस किंवा आडवा अंक काढू नका. तो हातात घ्यायला छान वाटतो, पण रॅकच्या कप्प्यात बसत नाही आणि दुकानदार तो आडवा, तळाला, कॅलेंडरांशेजारी ठेवतो. ए4 च्या आसपासचा किंवा थोडा लहान उभा आकार कुठेही सामावतो.

कव्हरचा कागद पातळ असेल तर उभा ठेवलेला अंक काही दिवसांत पुढे वाकतो. 200 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) खाली जाऊ नका. सेंटर पिनच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते आणि कणा नसतो, त्यामुळे पुस्तकांसारखा उभा लावला की अंक दिसेनासा होतो. चिकटवून कणा केलात तर त्यावर नाव आणि अंक क्रमांक छापा. पण कणा 4 मिमीपेक्षा कमी जाडीचा असेल तर अक्षरं टाकू नका. कापताना-चिकटवताना अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होतंच आणि नाव मुखपृष्ठावर घरंगळतं.

तारखेचा प्रश्न वेगळाच आहे. मुखपृष्ठावर "फेब्रुवारी" छापलंत की मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो अंक शिळा ठरतो, आतला मजकूर वर्षभर चालणारा असला तरी. त्रैमासिकाने महिना न छापता ठळक अंक क्रमांक द्यावा आणि महिना आत श्रेयपानावर टाकावा. नियतकालिकाला तुमच्याकडे जे कायदेशीर तपशील छापणं बंधनकारक आहे, तेही तिथेच येतील.

अंकासोबत भेटवस्तू, नमुन्याची पाकिटं वगैरे चिकटवू नका. गठ्ठा तिरका होतो आणि वस्तू सुटून पडते. प्लॅस्टिकच्या वेष्टनात अंक द्यायचाच असेल तर प्रत्येक दुकानाला एक उघडी प्रत "चाळण्यासाठी" असा शिक्का मारून द्या आणि ती हिशेबाबाहेर ठेवा.

तपासणी: छपाईला देण्याआधी मुखपृष्ठाची खऱ्या आकाराची प्रत काढून कोऱ्या पानांच्या डमीवर चढवा. इतर सहा-सात मासिकांमध्ये ती वरच्या चार बोटांपुरती दिसेल अशी ठेवा. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला दोन मीटरवर उभं करून विचारा, हे कशाचं मासिक आहे? उत्तर चुकलं तर मुखपृष्ठ परत टेबलावर.

## टप्पा 5: दुकानांची यादी

पहिलं नाव मासिकांच्या स्टॉलचं नको. तुमच्या छंदाचं सामान विकणाऱ्या दुकानाचं हवं. दुर्बिणींच्या दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस हौशी खगोलनिरीक्षणाच्या मासिकाचा संभाव्य वाचक असतो. तिथे शेजारी आणखी शंभर मासिकं नसतात आणि पुढचा अंक आला म्हणून लगेच कोणी तो उतरवत नाही. अशी दुकानं कधी कधी जास्त सवलतीच्या बदल्यात प्रती थेट विकतही घेतात, म्हणजे परतीचा प्रश्नच मिटतो. मात्र या दुकानदाराला मासिक ठेवायची सवय नसते, रॅक नसतो. गल्ल्याशेजारी उभं राहील असं पुठ्ठ्याचं किंवा ॲक्रिलिकचं छोटं स्टँड तुम्हीच न्या.

त्यानंतर स्वतंत्र पुस्तकांची दुकानं, संग्रहालयांची विक्रीकेंद्रं, प्रदर्शनं आणि छंदवर्गांचे स्टॉल. सर्वसाधारण मासिकांचे स्टॉल शेवटी.

साखळी दुकानांच्या शाखेत जाऊन व्यवस्थापकाला पटवण्यात वेळ घालवू नका. बहुतेक साखळ्यांत काय ठेवायचं ते मुख्य कार्यालय ठरवतं आणि माल ठरलेल्या वितरकाकडूनच येतो. शाखेत एकच प्रश्न विचारा: "मासिकं घ्यायचा निर्णय कोण घेतं?"

यादी बारा-पंधरा दुकानांची पुरे. तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाला दर अंकाला जिथे जाता येईल, तेवढीच.

## टप्पा 6: पहिली भेट

सोबत न्यायचं सामान: दोन प्रती, एक पानी माहितीपत्रक, कोरं चलनपुस्तक (चलन म्हणजे प्रती दिल्या-घेतल्याची लेखी पावती). माहितीपत्रकात मासिकाचं नाव आणि विषय एका ओळीत, वर्षाला किती अंक, पुढच्या तीन अंकांच्या तारखा, छापील किंमत, कमिशन, परतीची अट, आयएसएसएन, संपर्क. बस. छंदावरचं तुमचं प्रेम त्यात येत नाही.

गर्दीच्या वेळी आणि सणासुदीच्या खरेदीच्या दिवसांत जाऊ नका. गिऱ्हाईक आलं तर बाजूला व्हा, बोलणं अर्धवट राहिलं तरी चालेल.

संवाद साधारण असा होतो.

"साहेब, जागा नाही हो."

"जागा मी आणलीय, एवढंसं स्टँड आहे. पाच प्रती ठेवू या. पुढच्या अंकाच्या दिवशी मीच येऊन उरलेल्या उचलतो. विकलेल्याच प्रतींचे पैसे द्या."

"आधी एक मासिक ठेवलं होतं. तो माणूस परत फिरकलाच नाही."

हा सगळ्यात खरा आक्षेप आहे, आणि शब्दांनी तो मिटत नाही. उचलण्याची तारीख चलनावर लिहून द्या, खाली सही करा, आणि त्या तारखेला जा. पुढच्या अंकाचा होकार तिथेच मिळतो.

"वितरकाकडून आलं तर घेऊ" हे उत्तर कधी टाळण्यासाठी असतं, कधी खरोखरच दुकानाचा नियम असतो. वितरकाचं नाव विचारा. नाव सांगितलं तर नियम खरा आहे, टिपून ठेवा, टप्पा 10 मध्ये लागेल.

इशारा: होकार मिळाला नाही तर प्रती "असू द्या, बघा" म्हणून ठेवून येऊ नका. त्या गल्ल्याखाली जातात आणि पुढच्या भेटीत दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. एक प्रत भेट द्या, माहितीपत्रक द्या, निघा.

## टप्पा 7: अटी लिहून घ्या

पाच प्रतींसाठी करारनामा कशाला, असं वाटतं. करारनामा नकोच, चलनावर सहा ओळी पुरतात: किती प्रती, कोणता अंक, कमिशन किती टक्के, ने-आणीचा खर्च कोणाचा, उचलण्याची आणि पैसे देण्याची तारीख, हरवलेल्या-फाटलेल्या प्रतींचं काय.

शेवटच्या ओळीवरून सगळ्यात जास्त वाद होतात. पाच ठेवल्या, दोन विकल्याची नोंद आहे, शिल्लक दोनच. पाचवी कुठे गेली? माझा सल्ला असा: चाळून मळलेली प्रत तुमची, सापडत नसलेली प्रत दुकानाची, म्हणजे ती विकली गेली असं धरायचं. पण हे आधी बोललेलं असावं. प्रत हरवल्यावर बोलायला गेलात तर एका प्रतीच्या किमतीपायी दुकान गमवाल.

चलनाची एक प्रत दुकानाकडे, एक तुमच्याकडे, दोन्हींवर दोघांच्या सह्या.

## टप्पा 8: किती प्रती ठेवायच्या?

एक प्रत ठेवू नका. एकटी प्रत चाळून चाळून मळते आणि मग कोणीच घेत नाही. कमीत कमी तीन, सुरुवातीला पाच. दहा ठेवलेल्या दुकानात विक्री दुप्पट होत नाही, परतीचा गठ्ठा मात्र जाड होतो.

दुसऱ्या अंकापासून सरळ नियम: मागच्या अंकाच्या जेवढ्या विकल्या, त्यात एक तृतीयांश मिळवा. सहा विकल्या तर आठ ठेवा. आठपैकी सहा, म्हणजे 75 टक्के विक्री, हे छंदाच्या मासिकासाठी उत्तम आहे. सगळ्याच्या सगळ्या प्रती संपल्या तर लगेच खूश होऊ नका, त्या कधी संपल्या ते विचारा. पाच प्रती पहिल्या आठवड्यात संपणं आणि शेवटच्या आठवड्यात संपणं यांत फार फरक आहे. पहिल्या दुकानात पुढचा अंक येईपर्यंत गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं.

## टप्पा 9: नवा अंक पोचवण्याचा दिवस

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो नेमका उलटा केला जातो. नवे अंक आधी टेबलावर ठेवले की दुकानदाराचं लक्ष तिकडे जातं आणि जुना हिशेब "पुढच्या वेळी बघू" होतो.

1. रॅकवरचे जुने अंक स्वतः उचला आणि दुकानदारासमोर मोजा.
2. जुन्या चलनावर ठेवल्या, परत आल्या, विकल्या हे तीन आकडे लिहा, सही घ्या.
3. विकलेल्या प्रतींचं बिल द्या, पैसे घ्या किंवा तारीख लिहून घ्या.
4. त्यानंतरच नवं चलन, नव्या प्रती.
5. प्रती रॅकवर स्वतः लावा. शक्य तर छंदाच्या सामानाजवळ, नाही तर ज्याचा वाचक तुमच्या वाचकाच्या जवळचा असेल अशा मासिकाशेजारी. दुसऱ्याची मासिकं मागे ढकलू नका. दुकानदाराच्या ते लगेच लक्षात येतं.

जुना आणि नवा अंक शेजारी शेजारी ठेवून "जुनेही जातील" असं म्हणू नका. गिऱ्हाईक गोंधळतं, दोन्ही ठेवून देतं. परत आलेल्या चांगल्या प्रती कोरड्या जागी सपाट ठेवा. छंदाच्या मासिकाचे मागचे अंक प्रदर्शनांत आणि नव्या वर्गणीदारांना संच म्हणून विकले जातात. बातमीच्या मासिकांना हे जमत नाही. तेव्हा टप्पा 2 मधला परतीच्या प्रतींचा तोटा कायमचा असेलच असं नाही.

तपासणी: पाच-सहा दुकानांनंतर तुमच्या वहीत प्रत्येक दुकानापुढे अंकवार तीन आकडे आहेत का? नसतील तर पुढचं दुकान जोडण्याआधी ते भरा.

## टप्पा 10: वितरकाकडे कधी जायचं

तीन-चार अंक वेळेवर निघाल्यावर, आणि हातात दुकानवार विक्रीचे आकडे असल्यावर. वितरक पहिल्यांदा विचारतो ते आकडे आणि वेळापत्रक. एक अंक महिनाभर उशिरा आला की त्याची गाडी, त्याचं कोठार आणि दुकानांतली रिकामी जागा, सगळं बिनसतं. त्यामुळे पहिल्याच अंकासाठी वितरक मागणाऱ्यांना सहसा नकार मिळतो, आणि मला तो योग्यच वाटतो.

सही करण्याआधी विचारायचं:

- परतीच्या प्रती खरोखर परत येणार, की नष्ट करून फक्त आकडा कळवणार? अनेक ठिकाणी फक्त फाडलेलं मुखपृष्ठ किंवा निव्वळ लेखी दाखला मिळतो. मागचे अंक विकायची योजना असेल तर इथे ती बारगळते.
- परतीच्या हाताळणीचे वेगळे पैसे कापणार का?
- पैसे कोणत्या तारखेपासून किती दिवसांनी?
- किमान किती प्रती द्याव्या लागतील?
- मी आधीपासून देत असलेली दुकानं माझ्याकडेच राहतील का? "एकमेव वितरक" असा शब्द असेल तर छंदाच्या सामानाची दुकानं आणि प्रदर्शनं लेखी वगळून घ्या.
- करार मोडायचा तर किती आधी कळवायचं, आणि त्यानंतर किती महिने परतीची कपात चालू राहील?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. मासिक बंद पडल्यावर शेवटच्या अंकांच्या परती येत राहतात आणि आधी मिळालेले पैसे उलटे द्यायची वेळ येते. म्हणून वितरकाकडून आलेली रक्कम त्या अंकाचा हिशेब पूर्ण बंद होईपर्यंत खर्च करू नका.

वितरकाने 300 प्रती मागितल्या तर आनंदाच्या भरात छापून टाकू नका. त्याला जास्त प्रतींचा धोका नाही, तुम्हाला आहे. किती दुकानांत, दर दुकानी किती, असं विचारा. उत्तर "दीडशे दुकानांत दोन-दोन" असेल तर कमी दुकानांत चार-चार ठेवायला सुचवा.

## टप्पा 11: वर्गणी, आणि दुकान बंद करणं

वर्गणीचं सुटं कार्ड अंकात घालू नका. ते दुकानभर पडतं आणि दुकानदाराला त्यात आपलं गिऱ्हाईक पळवण्याचा डाव दिसतो. वर्गणीचं पान बांधणीतच, मागच्या बाजूला ठेवा. छंदाच्या सामानाच्या दुकानाला सरळ सांगा, "तुमच्या संकेतातून आलेल्या वर्गणीवर तुम्हाला कमिशन मिळेल", आणि ते पुढच्या भेटीत न मागता द्या. असा दुकानदार मग स्वतःहून अंक गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

प्रत्येक दुकानाला तीन अंक द्या. तिसऱ्या अंकातही पाचपैकी एकच प्रत विकली जात असेल आणि वर्गणीही येत नसेल तर थांबा. चौथ्या अंकाने काही बदलत नाही. अपवाद एकच: प्रती आतल्या बाजूला ठेवल्या गेल्या असतील तर जागा बदलून एक अंक आणखी पाहा.

बंद करताना दुकानदाराला कळवूनच करा. सगळ्या प्रती आणि तुमचं स्टँड उचला, शेवटचा हिशेब मिटवा, चलनावर "येणे-देणे नाही" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि "अंक इथे मिळेल" या यादीतून त्या दुकानाचं नाव त्याच दिवशी काढा. छापील यादी असेल तर पुढच्या अंकाच्या प्रुफात ती ओळ खोडली आहे का ते पाहा. नाहीतर वाचक महिनोन्‌महिने तिथे जाऊन विचारत राहतात आणि त्रास दुकानदाराला होतो.